ब्रियांसोंची सनद व तिचे भाष्यकार

एखादा जुना कागद फार प्रसिद्ध झाला म्हणजे त्याचें वाचन बहुधा थांबतें. एकदां त्यास भारदस्त नांव चिकटलें कीं पुढील लेखक कागद न पाहतां नांवावरच प्रवचन करूं लागतात. युरोपांतील आल्प्स पर्वताच्या पश्चिम भागांत, आजच्या फ्रान्स व इटली या देशांच्या सरहद्दीवर, ब्रियांसों या गांवाभोंवतीं पूर्वीं एक कारभारी विभाग होता. त्यास मिळालेल्या ता. २९ मे १३४३ च्या सनदेची अशीच अवस्था झाली आहे. तिच्यासंबंधीं दोन सिद्धांत रूढ आहेत. पहिला इतिहासाचा: या सनदेनें 'एस्कार्तोंचें प्रजासत्ताक' निर्माण झालें. दुसरा भूगोलाचा: हा विभाग पर्वताच्या दोन्ही अंगांस पसरलेला असल्यामुळें अस्वाभाविक होता, व १७१३ सालीं तो दुभंगला तेव्हां आल्प्सची 'नैसर्गिक सीमा' प्रस्थापित झाली. हे दोन्ही सिद्धांत मागाहून लादलेले आहेत, आणि सनद ज्या व्यवहारासाठीं झाली तो व्यवहार त्यांच्याखालीं झांकून गेला आहे, असें आमचें मत आहे. तें सप्रमाण मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. प्रदेशाचें स्वरूप

ब्रियांसों हें समुद्रसपाटीपासून सुमारें १३२६ मीटर उंचीवर, द्युरांस नदीच्या वरच्या खोऱ्यांत वसलें आहे. रोमन लोक त्यास ब्रिगान्तिउम म्हणत. त्याच्या पूर्वेस मों-जनेव्रची खिंड असून तिची उंची सुमारें १८५० मीटर आहे. या खिंडीच्या परिसरांत दोन प्रवाह उगम पावतात. द्युरांस ऱ्होन नदीस मिळून भूमध्य समुद्राकडे जाते. दोरा नदीची शाखा पूर्वेकडे उतरते व तिचें पाणी पो नदीच्या मार्गानें एड्रियाटिक समुद्रांत पडतें. म्हणजे एकाच खिंडीवरचें बर्फ वितळून दोन निराळ्या समुद्रांस जातें.

या विभागाचे पोटविभाग पांच होते व त्यांतील प्रत्येकास 'एस्कार्तों' अशी संज्ञा होती. ब्रियांसों व केरास हे दोन पर्वताच्या पश्चिमेस. ऊल्स, प्रजेला व शातो-दोफें हे तीन पूर्वेस. केरास म्हणजे गिल नदीचें खोरें, त्यांत सात ग्रामसमूह. ऊल्स हें दोरा नदीचें वरचें खोरें, प्रजेला हें किसोने नदीचें, आणि शातो-दोफें हें व्हाराइता नदीचें. सर्व मिळून ग्रामसमूह सुमारें पन्नास होते.

नकाशावर पाहणारास हा विभाग विचित्र वाटतो, कारण पर्वताचा कणा त्याच्या मधून जातो. परंतु चालणाराच्या दृष्टीनें पाहिलें असतां चित्र पालटतें. ब्रियांसोंहून आपल्याच प्रांताच्या मुख्य ठिकाणीं, म्हणजे ग्रनोब्ल येथें, जाण्यास लोतारेची २०५८ मीटर उंचीची खिंड चढावी लागते. शेजारच्या केरासांत जाण्यास इझोआरची खिंड तर २३६० मीटरांवर आहे. पूर्वेकडील ऊल्सच्या खोऱ्यांत उतरावयास मात्र १८५० मीटरांची मों-जनेव्र पुरते. सबब ज्यास नकाशा 'पलीकडचा मुलूख' म्हणतो, तोच ब्रियांसोंकरांस अधिक जवळचा होता. केरासच्या पूर्व टोंकास मोंते व्हीसो शिखराच्या बगलेंत सालुझ्झोच्या मार्क्विसानें सन १४८० च्या सुमारास खडक फोडून सुमारें ७५ मीटर लांबीचा बोगदा करविला. मिठाचा व्यापार सुलभ व्हावा एवढ्यासाठीं जवळजवळ २९०० मीटर उंचीवर हें काम झालें. ज्यांस पर्वत ही भिंत वाटते त्यांनीं या बोगद्याचा विचार अवश्य करावा.

प्राचीन पुरावाही हेंच सांगतो. ऑगस्टसच्या काळीं या खिंडीच्या दोन्ही अंगांचे लोक कोत्तिउस नामक अधिपतीच्या हाताखालीं होते. त्याच्या ताब्यांतील चौदा जमातींचीं नांवें सूझा येथील कमानीवरील शिलालेखांत कोरलेलीं आहेत. पुढें नीरोच्या काळीं या प्रदेशाचा जो रोमन प्रांत झाला, तोही कण्याच्या दोन्ही बाजूंस पसरलेला होता. अकराव्या शतकांत स्थापन झालेल्या ऊल्स येथील सें-लोरां मठाचीं देवळें व उत्पन्नें पर्वताच्या दोन्ही अंगांस होतीं. त्या मठाचा कागदसंग्रह रिव्हाउतेल्ला व बेर्ता या दोघां संपादकांनीं तूरिन येथें १७५३ सालीं छापून प्रसिद्ध केला, त्यांत हें पाहावयास सांपडतें. राज्य, धर्मसंस्था व व्यापार या तिहींनींही ज्या कण्यास शतकानुशतकें सीमा मानलें नाहीं, त्यास 'निसर्गानें घातलेली सीमा' म्हणणें हें प्रमाणास सोडून आहे.

२. सनद

दोफिने प्रांताचा शेवटचा स्वतंत्र अधिपति दुसरा हंबर्ट हा होता. 'दोफें' ही त्याच्या घराण्याची पदवी. त्याचा एकुलता मुलगा १३३५ सालीं बालपणींच वारला. कर्ज वाढत गेलें. शेवटीं १३४९ सालीं त्यानें आपला सर्व प्रांत फ्रान्सच्या राजघराण्यास विकला व स्वतः धर्मदीक्षा घेतली. तेव्हांपासून फ्रान्सच्या युवराजास दोफें म्हणूं लागले. ब्रियांसोंच्या प्रदेशास त्यानें दिलेली सनद ही या विक्रीच्या आधींची सहा वर्षांची आहे. बोव्ह्वार येथील वाड्यांत ती झाली. घेणारे ग्रामसमूहांचे प्रतिनिधि, देणारा हंबर्ट.

सनदेंतील मुख्य कलमें येणेंप्रमाणें सांगतां येतील. या प्रदेशांतील लोक यापुढें स्वतंत्र नागरिक समजले जावेत, व अधिपतीस वंदन करतांना त्यांनीं हाताच्या पाठीचें किंवा अंगठीचें चुंबन घ्यावें. ग्रामसमूहांनीं एकत्र जमून आपल्यावरील पट्टीची वांटणी आपणच करावी व त्यासाठीं आपले अधिकारी निवडावे. शेतास पाणी नेण्यासाठीं कालवे काढण्याची मोकळीक असावी. या सर्वांच्या बदल्यांत निरनिराळे जुने सरंजामी हक्क जाऊन त्यांच्या ठिकाणीं रोख रक्कम ठरली: एकदांच द्यावयाचे १२,००० सुवर्ण फ्लोरिन, आणि दरसाल, कायमचे, ४,००० सुवर्ण डुकाट.

आतां अशा कागदाचें तात्पर्य कसें ठरवावें? आपल्या मीमांसकांनीं तात्पर्यनिर्णयासाठीं उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद व उपपत्ति अशीं सहा गमकें सांगितलीं आहेत. वेदवाक्यांसाठीं रचलेलीं हीं साधनें सनदांसही फार उपयोगी पडतात, असा आमचा अनुभव आहे. पैकीं दोनच येथें लावून पाहूं. फल काय? अधिपतीस तत्काळ १२,००० व पुढें दरसाल ४,०००. अपूर्वता कशांत? हातावरील चुंबनाचें कलम मानाचें आहे, व तें वाचकांच्या मनांत ठसतें. परंतु खरें नवें कलम वांटणीचें आहे. अधिपतीस एक ठोक रक्कम दिली कीं ती कोणाकडून किती घ्यावयाची हें त्याच्या कारकुनांनीं नव्हे, तर देणारांनींच ठरवावयाचें. 'एस्कार्तों' या शब्दाचा अर्थही हाच आहे. त्या प्रदेशाच्या बोलींत तो पट्टीच्या वांटणीस लावीत; वांटणी करणारी सभा, व मग त्या सभेचा मुलूख, असे त्याचे अर्थ क्रमानें वाढले. मुलखाचें नांव राजावरून नाहीं, नदीवरून नाहीं, किल्ल्यावरून नाहीं. तें वांटणीवरून पडलें आहे. भाष्यकारांनीं दुसरें कांहीं नाहीं तरी हें नांव नीट वाचलें असतें, तर पुष्कळ वाद टळले असते.

३. तीन भाष्यकार

या विषयावरील लेखकांत तीन नमुने विशेष विचार करण्यासारखे आहेत.

पहिला व्हाल्बोनेचा मार्क्विस. त्याचा दोफिनेचा इतिहास जिनीव्हा येथें १७२२ सालीं दोन खंडांत निघाला. हा गृहस्थ ग्रनोब्लच्या हिशेबी न्यायसभेचा अध्यक्ष असल्यामुळें प्रांताचें दप्तर त्याच्या हाताखालीं होतें. उत्तर वयांत दृष्टि गेली असतांही त्यानें हें काम तडीस नेलें. मूळ कागद जसेच्या तसे छापण्याची त्याची पद्धति आजही आदर्शभूत आहे, आणि हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकानें त्याचें ऋण मानलें पाहिजे. तथापि त्याच्या ग्रंथाच्या नांवांतच 'दोफें ही पदवी धारण करणारे राजे' असा उल्लेख आहे, आणि दृष्टिकोनही तोच. त्याच्या दृष्टीनें सनद म्हणजे राजाची कृति. घेणारे कोण होते व घेतल्यावर त्यांनीं तिचें काय केलें, हा त्याचा विषयच नव्हे.

दुसरा फोशे-प्रुनेल. याचा ग्रंथ ग्रनोब्ल येथें १८५६-५७ सालीं दोन खंडांत प्रसिद्ध झाला. ब्रियांसोंकडील आल्प्समधील प्राचीन 'स्वायत्त अथवा लोकांच्या' संस्थांवरील निबंध, असें त्याचें नांव. व्हाल्बोनेनें जें सोडलें तें यानें उचललें. ग्रामसभा, पट्टी, कुरणें, पाणी, चालीरीति यांची माहिती त्यानें कष्टानें गोळा केली आहे, आणि त्या कष्टांपुढें आम्ही नम्र आहों. परंतु 'स्वायत्त' हें विशेषण मात्र आम्हांस मान्य नाहीं. न्यायदान अधिपतीच्या, व पुढें फ्रान्सच्या राजाच्या, अधिकाऱ्यांकडेच राहिलें. ब्रियांसों येथें राजाची कचेरी होती. स्वतः सनदही राजांकडून वेळोवेळीं कायम करून घ्यावी लागे. आणि जी सनद दुसऱ्याच्या शिक्क्यानें जगते तिला स्वायत्ततेचें प्रमाण कसें मानावें? अलीकडे 'प्रजासत्ताक' हा जो शब्द प्रवाशांच्या मार्गदर्शिकांतून व स्मारकांवरून दिसतो, तो याच विशेषणाची पुढची पायरी आहे.

या शब्दाविरुद्ध सर्वांत बोलका पुरावा १६८५ चा आहे. प्रजेलाच्या खोऱ्यांत प्रॉटेस्टंट पंथाचे लोक मोठ्या संख्येनें होते, केरासांतही होते. चौदाव्या लुईनें त्या वर्षीं नांतचा धर्मसहिष्णुतेचा हुकूम रद्द केला तेव्हां पुष्कळांस पंथ सोडावा लागला, व पुष्कळ कुटुंबें घरदार टाकून जर्मन राज्यांत गेलीं. वांटणीची सभा त्या वेळींही अस्तित्वांत होती. डोंगरांतील कोणत्या गांवानें किती द्यावें हें ठरविण्याचा अधिकार तिला होता. शेजाऱ्यानें कोणत्या देवळांत जावें हें तिच्या हातीं नव्हतें. प्रजासत्ताक म्हणविणाऱ्या संस्थेकडून आपल्या माणसांच्या रक्षणाची अपेक्षा करावी लागते. ती येथें केली तर या संस्थेवर अन्याय होतो, आणि न केली तर त्या शब्दावर.

तिसरी लेखिका हॅरिएट रोझेनबर्ग. केरासमधील आब्रिएस गांवाच्या तीन शतकांच्या इतिहासावरील तिचा ग्रंथ १९८८ सालीं निघाला. ती मानववंशशास्त्राची अभ्यासक. तिनें आपल्या ग्रंथास 'वाटाघाटींनीं घडलेलें जग' अशा अर्थाचें नांव दिलें आहे, आणि आमच्या मतें सनदेच्या तात्पर्याच्या सर्वांत जवळ तीच पोंचली आहे. हे डोंगरी लोक अज्ञानी व जगापासून तुटलेले नव्हते. अर्ज, दावे, वकील व हिशेब यांच्या बळावर ते राजसत्तेशीं सतत घासाघीस करीत. उलट क्रांतीनंतरच्या काळांत, ज्यास आपण प्रगतीचा काळ म्हणतों, त्यांची ही शक्ति कमी होत गेली, असें तिचें प्रतिपादन आहे. एका गांवावरून पांचही खोऱ्यांविषयीं अनुमान काढतांना सावध राहिलें पाहिजे, एवढाच आमचा आक्षेप. पर्वताच्या पूर्वेकडील तीन एस्कार्तों १७१३ नंतर निराळ्या राज्यांत गेले. त्यांची कथा आब्रिएसच्या दप्तरांत सांपडणार नाहीं.

४. वांटणीचें शास्त्र

वांटणी हा शब्द ऐकून कोणास हें प्रकरण क्षुद्र वाटेल. तसें तें नाहीं. मों-जनेव्र हा सैन्यांचा राजमार्ग होता. आठवा चार्ल्स १४९४ सालीं इटलीवर चालून गेला तो याच खिंडीनें. तेरावा लुई १६२९ सालीं सूझावर उतरला तोही येथूनच. फौज आली कीं तिला उतारा, धान्य, वैरण, खेंचरें पुरविणें आलें. वाटेवरील गांव एका रात्रींत बुडावें व आडखोऱ्यांतील गांवास झळही लागूं नये, असा हा प्रसंग. पांच एस्कार्तोंची मिळून जी मोठी सभा ब्रियांसोंस भरे, तिच्यामुळें हें ओझें सर्वांवर पसरतां येई. पर्वताच्या पलीकडील खोऱ्यानें अलीकडील खोऱ्याच्या नुकसानींत हिस्सा उचलावा, हा तिचा पाया. या प्रदेशाचें ऐक्य वंशावर उभें नव्हतें, आणि एकाच नदीच्या पाण्यावरही नव्हतें. एकमेकांच्या हिशेबांत नांव असणें हेंच त्याचें बंधन होतें.

हिशेब आला म्हणजे लेखन आलें. क्रांतीपूर्वीं फ्रान्सच्या कित्येक सुपीक प्रांतांतील शेतकऱ्यास सही करतां येत नसे, त्या काळीं ब्रियांसोंकडील पुरुषांपैकीं बहुतेकांस ती येत होती. हिवाळ्यांत शेतें बर्फाखालीं गेलीं कीं तेथील तरुण शिक्षक होऊन खालच्या प्रांतांत जात. शरदांतील बाजारांत ते टोपींत पिसें खोंवून उभे राहत: वाचन-लेखन शिकविणाऱ्यास एक पीस, अंकगणितही शिकविणाऱ्यास दोन, लॅटिनही येत असेल तर तीन, अशी परंपरागत माहिती आहे. ज्याचें आयुष्य शाळेंत गेलें अशा माणसास हें वाचून कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. तथापि कौतुकाहून कार्यकारण अधिक महत्त्वाचें. विद्या तेथें केवळ लांब हिवाळ्यामुळें आली असें सांगतात. हिवाळा तर आल्प्सच्या सर्वच खोऱ्यांत लांब आहे. परंतु जेथें प्रत्येक कुटुंबाचा हिस्सा वहींत लिहिला जातो व ती वही चार माणसांसमोर वाचली जाते, तेथें न वाचतां येणें हें नुकसानीचें असतें. विद्येचें हें दुसरें कारण आम्हांस अधिक बळकट वाटतें.

५. सन १७१३

आतां भूगोलाच्या सिद्धांताकडे वळूं. स्पेनच्या वारसाच्या युद्धांत सॅव्हॉयचा ड्यूक दुसरा व्हिक्टर अमेडियस यानें १७०८ सालीं पूर्वेकडील एग्झील व फनेस्त्रेल हे दोन किल्ले घेतले. ता. ११ एप्रिल १७१३ रोजीं उत्रेक्त येथें तह झाला. त्याच्या चौथ्या कलमान्वयें आल्प्सच्या कण्यापासून ज्या बाजूस पाणी उतरतें ती बाजू ज्याची त्याची, असें ठरलें. त्यामुळें ऊल्स, प्रजेला व शातो-दोफें हे तीन एस्कार्तों ड्यूककडे गेले. बदल्यांत बार्सेलोनेतचें खोरें फ्रान्सला मिळालें. ३७० वर्षांची वांटणी एका कलमानें मोडली.

जलविभाजक रेषेचें हें तत्त्व मोजणीदारास सोपें आहे, व वाद मिटविण्यास उपयोगी आहे, हें कबूल करावयास हरकत नाहीं. परंतु तें निसर्गाचा हुकूम नव्हे. जे किल्ले ड्यूकच्या हातीं पांच वर्षांपूर्वींच पडले होते, ते याच तत्त्वाप्रमाणें त्याच्या वांट्यास आले. म्हणजे तत्त्व तलवारीच्या मागून आलें. बार्सेलोनेतचें पाणी सदैव द्युरांसलाच मिळत असतां तें खोरें १३८८ पासून सॅव्हॉयकडे होतें. त्या सव्वातीनशें वर्षांत पाण्याचा हा न्याय कोणासही सुचला नाहीं. शेवटचा दाखला १९४७ चा. त्या वर्षींच्या पॅरिसच्या तहानें शाबेर्तों शिखर व 'अरुंद खोरें' या अर्थाच्या नांवाचें व्हाले-एत्र्वात हें खोरें फ्रान्सला देण्यांत आलें. या खोऱ्याचें पाणी इटलींतील बार्दोनेक्क्याकडे, म्हणजे दोरा नदीस जातें. शाबेर्तोंच्या माथ्यावर इटलीच्या तोफा होत्या व त्या ब्रियांसोंवर रोखलेल्या होत्या, हें कारण पुरेसें झालें. ज्या तत्त्वास दोन शतकें निसर्गनियम म्हटलें, तें गरज पडतांच बाजूस ठेवण्यांत आलें.

फ्रान्सकडे राहिलेल्या दोन एस्कार्तोंचा अंत निराळ्या रीतीनें झाला. १७८९ च्या ४ ऑगस्टच्या रात्रीं पॅरिसच्या सभेनें सरंजामी हक्कांबरोबर प्रांतांचे व गांवांचे विशेष अधिकारही रद्द केले. ब्रियांसोंची सनद त्यांतच गेली. जी सनद सरंजामी हक्कांपासून सुटण्यासाठीं पैसे मोजून घेतली होती, तीच सरंजामी अवशेषांत मोजली जाऊन नाहींशी झाली. पुढील वर्षीं ओत-झाल्प जिल्हा बनला व ब्रियांसों त्याचें एक पोटठाणें झालें.

पूर्वेकडील खोऱ्यांत ऑक्सितान बोली मात्र टिकली. फाशिस्ट राजवटींत गांवांचीं नांवें इटालियन करण्यांत आलीं, ऊल्सचें 'उल्त्सिओ' झालें. पुढें जुनें नांव परत आलें, आणि १९९९ च्या इटालियन कायद्यानें ऑक्सितान भाषेस मान्यता दिली. ज्यांस १७१३ सालीं पाण्याच्या उतारावरून इटलीकडे ढकललें, त्यांच्या तोंडीं पश्चिमेकडील शेजाऱ्यांचीच बोली तीन शतकांनंतरही ऐकूं येते.

६. उपसंहार

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. १३४३ च्या सनदेनें राज्य स्थापिलें नाहीं. कर्जबाजारी अधिपति व रोकड मोजणारी प्रजा यांच्यांत तिनें एक करार केला, आणि तो पाळण्यासाठीं लागणाऱ्या वार्षिक हिशेबांतून एक संस्था वाढली. ती संस्था निसर्गाविरुद्ध नव्हती. मों-जनेव्रच्या वाटेनें ये-जा करणाऱ्यांच्या व्यवहाराला ती अनुसरून होती. तिला प्रजासत्ताक म्हटल्यानें तिचा गौरव होतो असें ज्यांस वाटतें, ते तिचें खरें यश झांकतात. सैन्यें, दुष्काळ, बर्फ व दोन राजवटी यांमधून पन्नास गांवांनीं साडेतीन शतकांहून अधिक काळ एकमेकांचा हिशेब ठेवला, हें यश कोणत्याही पदवीहून लहान नाहीं.

पुढील अभ्यासकांपुढील अडचण मुलखाच्या या विभागणींतूनच उत्पन्न झाली आहे. एकाच संस्थेचे कागद आज ब्रियांसों, ग्रनोब्ल व तूरिन अशा निरनिराळ्या ठिकाणीं, दोन देशांत व दोन राजभाषांत विभागले आहेत. फ्रान्समधील अभ्यासक फ्रान्सच्या दोन एस्कार्तोंचा इतिहास लिहितो, इटलींतील अभ्यासक तीन खोऱ्यांचा. आणि सीमारेषेनें जें मुलखाचें केलें तेंच पुन्हा इतिहासाचें होतें. सनदेची प्रत सर्वांच्या ओळखीची झाली आहे. आतां वांटणीच्या वह्या, खिंडीच्या दोन्ही अंगांच्या, एकापुढें एक ठेवून वाचावयास हव्यात. कोणत्या खोऱ्यानें कोणत्या वर्षीं कोणाचें ओझें उचललें हें त्यांवरून कळेल, आणि पांच एस्कार्तों एक होते कीं नव्हते या प्रश्नाचें उत्तर तेथेंच मिळेल.